फिगर स्केटिंगच्या ब्लेडला गार्ड कोणते घ्यावेत? कडक, कापडी की दोन्ही?

ओलीमाती
नमस्कार मंडळी. लेक आठ वर्षांची आहे, इथे न्यू जर्सीत लर्न टू स्केट या शिकाऊ वर्गाच्या बेसिक ४ या पातळीत. आत्तापर्यंत रिंकवरचे भाड्याचे स्केट्स चालत होते, आता कोच म्हणाली स्वतःचे घ्या, मग जॅक्सनचे घेतले, अल्टिमाचं ब्लेड बसवूनच आलेत. गार्ड, म्हणजे ब्लेडवर चढवायचं आवरण, बघायला गेले तर भिंतभर प्रकार टांगलेले. कडक प्लास्टिकचे, मधे स्प्रिंग असलेले, टॉवेलच्या कापडाचे, चालताना लाइट लागणारे, एकाला तर डोळे आणि शेपूट. दुकानातला मुलगा म्हणाला कडक पण घ्या आणि कापडी पण घ्या. दोन्ही कशाला? माझं म्हणणं असं की रिंकवर सगळीकडे रबराची मॅट असतेच, मुलगी बाकापासून फाटकापर्यंत तशीच चालत गेली तर काय बिघडतं, आणि बॅगेत ठेवायला एक कडक गार्ड पुरे की. आणि मापाचं काय, हे पण वाढत्या अंगाचं घ्यायचं का? ज्यांची मुलं (किंवा जे स्वतः) स्केटिंग करतात त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

कडकचहा
दोन्ही घे. चालायला कडक, ठेवायला कापडी. धागा इथेच संपला, सगळ्यांनी जेवायला चला :)

उणे_वीस
कडकचहा +१. कापडी म्हणजे इकडे सोकर म्हणतात ते. डोळे-शेपूटवालं पण सोकरच असणार, आतून टर्किशचं कापड असतं.

धारवाला
धागा एवढ्यात संपवू नका :) मी टोरोंटोत शनिवार-रविवार एका स्केटच्या दुकानात धार लावायचं काम करतो, त्यामुळे खराब झालेली ब्लेड्स भरपूर बघायला मिळतात. ओलीमाती, दोन गार्ड का, हे ब्लेड कसं असतं ते कळलं की आपोआप कळेल.

फिगर स्केटचं ब्लेड जाड असतं, साधारण चार मिलिमीटर, आणि त्याचा तळ सपाट नसतो. मधोमध पुढून मागेपर्यंत पन्हळ काढलेली असते, त्यामुळे त्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. मशीनवर धार लावतो तेव्हा आम्ही ही पन्हळच परत काढतो, लहान मुलांना बहुतेकदा अर्धा इंच त्रिज्येची. तुमची मुलगी बेसिक ४ मध्ये क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत वळणं) शिकत असेल, ते सगळं या दोन कडांवर चालतं. कडेला एक बारीक खाच पडली तरी बर्फावर ती खरडते, मग मूल म्हणतं माझा पाय सरकतोय आणि आई-बाप म्हणतात तू लक्ष देत नाहीयेस. तुमचं खरंय की रबराने कडेला काही होत नाही. त्रास देते ती रबरावर पडलेली वाळू. आमच्याकडे हिवाळ्यात पार्किंगमध्ये मीठ आणि खडी टाकतात, ते सगळं लोकांच्या बुटांना चिकटून आत येतं आणि मॅटच्या खाचांत बसतं. वरून पाणी. त्यावरून बारीक धारेने चालायचं. शिवाय सगळीकडे मॅट असतेच असं नाही, बाथरूमला जाताना मधे चार पावलं काँक्रीट किंवा टाइल येते आणि मूल घाईत असतं. म्हणून चालायला कडक गार्ड.

आता ठेवायचं. बहुतेक फिगर ब्लेड्स कार्बन स्टीलची असतात आणि वरून क्रोमचा मुलामा असतो. खालच्या काही मिलिमीटरमध्ये तो मुलामा काढलेला असतो, कारण तिथे धार लावायची असते. म्हणजे जो भाग आपल्याला सगळ्यात महत्त्वाचा तोच उघडा पडलेला. बर्फावरून आल्यावर ब्लेडला पाणी असतं, पुसलं तरी स्क्रूपाशी आणि पन्हळीत थोडं राहतं. त्यावर कडक गार्ड चढवून बॅगेची चेन लावली की पाणी गार्डच्या तळाशी साचतं आणि कडा रात्रभर त्यात बुडून राहतात. दोन दिवसांत नारिंगी डाग. कापडी गार्ड पाणी शोषून घेतो आणि त्यातून हवाही जाते, शिवाय बॅगेतले कपडे आणि पॉलिश केलेला बूट ब्लेडपासून वाचतो. कापडी घालून चालायचं मात्र नाही, कड कापडातून आरपार जाते.

ओलीमाती
बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. क्रोम काढलेला असतो हे आत्ता ब्लेड हातात घेऊन बघितलं, खरंच खाली वेगळा पट्टा दिसतोय.

तिसरीघंटा
थोडं वेगळं मत मांडते. आमच्या रिंकवरचे मोठे स्केटर्स आणि दोन कोच मॅटवर गार्ड न लावताच फिरतात आणि त्यांची ब्लेड्स माझ्या मुलाच्या ब्लेडच्या कितीतरी पट महाग आहेत. सेशनच्या मधे पाच मिनिटांच्या ब्रेकला काढ-घाल करण्यात अर्धा ब्रेक जातो. मॅट स्वच्छ असेल आणि फाटक चार पावलांवर असेल तर मला नाही वाटत एवढं आकाश कोसळतं. गार्डने मुलं घसरतात पण, ओल्या टाइलवर कडक प्लास्टिक चांगलंच सरकतं, आमच्या इथे एक मुलगी जिन्यावर घसरली होती.

धारवाला
तिसरीघंटा ताई, घसरण्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे. जिन्यावर कठडा धरूनच, आणि शक्य असेल तर स्केट्स खालीच घालायचे. थोडे रबरासारखे मऊ तळाचे गार्ड मिळतात, ते टाइलला जास्त चांगले धरतात, पण झिजतातही लवकर. कोच लोकांचं म्हणाल तर त्यांची धार दर थोड्या दिवसांनी लागत असते आणि त्यांना पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. आठ वर्षांच्या पोराला कँटीनचा वास आला की खाली काय आहे ते दिसत नाही. धार साधारण २० ते ४० तास स्केटिंग झालं की लावतात आणि प्रत्येक वेळी थोडं स्टील घासून जातं. खाच खोल असेल तर ती निघेपर्यंत घासावं लागतं, म्हणजे ब्लेडचं आयुष्य तेवढं कमी. गार्डची जोडी पंधरा-वीस डॉलरला येते हो, आणि चांगलं ब्लेड काही शे डॉलरचं.

तिसरीघंटा
हिशेब मान्य. तरी ब्रेकमध्ये नाही घालणार :)

बर्फाळ
बे एरियातून. मी चाळिशीत स्केटिंग सुरू केलं, ॲडल्ट क्लासला जातो. इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, गार्ड वापरणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका असतो तो गार्ड काढायला विसरून बर्फावर पाऊल टाकण्याचा. प्लास्टिकला बर्फावर पकडच नसते, पाय क्षणात पुढे जातो आणि माणूस सरळ पाठीवर पडतो, कधी डोक्यावर. अगदी वरच्या पातळीचे स्केटर्सही असे पडलेले आहेत. उपाय एकच, सवय. फाटकाशी यायचं, एका हाताने कठडा धरायचा, एक गार्ड काढायचा, कठड्यावर ठेवायचा, दुसरा काढायचा, दोन्ही गार्ड शेजारी शेजारी दिसले की मगच बर्फावर. क्रम रोज तोच ठेवायचा. आणि गार्ड भडक रंगाचे घ्या. काळे किंवा पारदर्शक दिसायला छान असतात पण पायात आहेत की नाही ते पटकन कळत नाही. माझे पोपटी आहेत, लांबूनही दिसतात.
ओलीमाती, मुलीला तिच्या आवडीचा रंग घेऊ द्या, दोन पायांना दोन रंग हवे म्हणाली तरी द्या. स्वतः निवडलेली वस्तू मुलं विसरत नाहीत.

कडकचहा
बर्फाळ यांचं शेवटचं वाक्य आमच्या घरच्या पाण्याच्या बाटल्यांना लागू होत नाही, पण बाकी सगळ्याला अनुमोदन.

चिंचोके
मापाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. दोन मुली स्केटिंगला, त्यामुळे गार्डचं दुकान घरातच आहे. मुख्य दोन प्रकार. एक अखंड, ज्याची लांबी आपण करवतीने कापून आपल्या ब्लेडएवढी करायची. दुसरा दोन तुकड्यांचा, मधे स्प्रिंग, ताणून बसवायचा, तो दोन-तीन इंचांच्या फरकात कुठल्याही मापाला चालतो. वाढत्या मुलांना मी डोळे झाकून स्प्रिंगवालाच सांगेन, कारण बूट बदलला की ब्लेडची लांबीही बदलते आणि कापलेला गार्ड वाया जातो.

स्प्रिंगवाल्याची खोड अशी की स्प्रिंग नेमकी ओलाव्यात राहते आणि तीच आधी गंजते, मग तिचा गंज ब्लेडला लागतो. घरी आल्यावर गार्ड झटकून उघडेच वाळत टाकायचे. तळाला पाणी जायला भोकं आहेत का तेही बघून घ्या.

अखंड गार्ड कापताना एकदम माप गाठायचं नाही, थोडा लांब ठेवून कापायचा, घालून बघायचा, मग हवा तेवढा घासायचा. लहान झाला तर टो पिक (ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते) गार्डच्या टोकावर चढून बसतं, ब्लेड तळाला टेकतच नाही आणि उभं राहिलं की पाय डुलतो. लांब झाला तर चालताना टाचेकडून निघतो. नीट बसलेला गार्ड म्हणजे पाय हवेत धरून जोरात झटकला तरी पडत नाही आणि मुलाला स्वतःच्या हाताने काढता येतो. दुसरी अट महत्त्वाची आहे, नाहीतर प्रत्येक वेळी आईने फाटकाशी उकिडवं बसायचं.

ओलीमाती
चिंचोके, म्हणजे वाढत्या अंगाचं नको, ताणणारं घ्यायचं. कळलं.

मधलीसुट्टी
हॉकीचे गार्ड चालतात का? माझ्या भावाच्या मुलाचे पडून आहेत.

चिंचोके
नाही चालत. हॉकीच्या ब्लेडला टो पिक नसतं आणि पुढचं टोक वर वळलेलं असतं, त्या गार्डमध्ये फिगर स्केटच्या पुढच्या दातांना जागाच नाही.

उणे_वीस
मिनेसोटातून. धारवाल्यांना एक प्रश्न आणि एक अनुभव. अनुभव असा की आमच्याकडे लोक स्केट्सची बॅग गाडीच्या डिकीतच ठेवतात, उद्या परत रिंकवर जायचंच आहे म्हणून. डिकीत उणे वीस, आणि मग बॅग घरात किंवा रिंकच्या गरम लॉबीत आणली की थंड स्टीलवर लगेच दव धरतं, बाहेरून आल्यावर चष्म्यावर धरतं तसंच. म्हणजे आधी कितीही कोरडं केलेलं असलं तरी परत ओलं. आम्ही बॅग घरात आणतो, स्केट्स बाहेर काढतो, थोड्या वेळाने ब्लेड परत एकदा पुसतो आणि मगच सोकर चढवतो. प्रश्न असा की स्टेनलेस ब्लेड घेतलं तर हे सगळं सुटतं का?

धारवाला
बरंचसं सुटतं. जॅक्सनचं मॅट्रिक्स, पॅरामाउंट, ही ब्लेड्स अशी आहेत की खालची पट्टी स्टेनलेस आणि वरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, वजनाला हलकी आणि गंजाला चिवट. तरी पुसायचं सोडू नका. बुटाच्या तळातले स्क्रू आणि चामड्याचा तळ ओला राहिला तर स्क्रू सैल होतात, आणि तिथे ब्लेड स्टेनलेस असून काय उपयोग. या ब्लेड्सना गार्ड घेताना एक बघा, वरचा सांगाडा जाड असतो, काही गार्डच्या भिंती उंच असल्या की त्या सांगाड्याला अडतात आणि गार्ड पूर्ण बसत नाही. दुकानात ब्लेडवर लावूनच घ्या, ऑनलाइन रंग बघून नको.

जुन्या पद्धतीची कार्बन स्टीलची ब्लेड्स मात्र मला स्वतःला जास्त आवडतात. जॉन विल्सन आणि एमके या दोन्ही कंपन्या इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या, विल्सनचं नाव तर १६९६ पासून चालत आलंय. कॉरोनेशन एस, पॅटर्न ९९, गोल्ड सील ही ब्लेडची नावं रिंकवर सतत ऐकाल. त्या स्टीलला धार लावताना हाताला जे समाधान मिळतं ते वेगळंच, आणि म्हणूनच कुणी गंजलेलं गोल्ड सील काउंटरवर ठेवलं की जीव तुटतो.

रंगीतदोरा
मी आजी आहे, सध्या कॅलगरीला मुलाकडे. नातीचे सोकर मीच शिवते, दुकानातले पातळ वाटले मला. कुणाला हवं असेल तर कृती देते. जुना टर्किश टॉवेल घ्या, सुती हवा, नवीन नको कारण नवा कोरा टॉवेल पाणी नीट पीत नाही, दहा-वीसदा धुतलेला सगळ्यात चांगला. ब्लेडची लांबी मोजा, दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं धरून लांबट अंडाकृती कापा, रुंदी इतकी की दोन्ही बाजूंनी वर येऊन ब्लेड पूर्ण झाकलं जाईल. बाहेरून जाडसर कापड लावा, आमच्याकडे जुनी जीन्स होती. मधोमध, जिथे धार टेकते तिथे, टॉवेलची आणखी एक घडी घालून दोन शिवणी मारा, नाहीतर महिन्याभरात तिथेच फाटतं. कडेला नेफा शिवून त्यात इलॅस्टिक ओवायचं, अर्धा इंची घ्या, बारीक इलॅस्टिक लवकर ढिलं पडतं. झालं. नातीला ससा हवा होता म्हणून कान लावलेत.
दोन जोड शिवा. एक ओला झाला की दोरीवर, दुसरा वापरात.

ओलीमाती
आजी, किती छान! माझ्याकडे मशीन आहे, या आठवड्यात शिवतेच.

बर्फाळ
आजींचा दोन जोडांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तो पुढे जाऊन सांगतो. सोकर घातला म्हणजे काम झालं असं नसतं. ओला सोकर तसाच ब्लेडवर ठेवून बॅग बंद केली तर तो कडक गार्डइतकाच वाईट. मी घरी आल्यावर सोकर काढून स्केट्स रात्रभर उघडे ठेवतो, जीभ पुढे ओढून, आतून बूट पण वाळतो. सकाळी कोरडा सोकर.

तिसरीघंटा
हे मात्र आम्ही पण करतो. फक्त उंच फळीवर ठेवा, घरात धाकटं भावंडं किंवा मांजर असेल तर उघडी धार खाली नको.

पुणेरी_चाकं
पुण्याहून. आमच्याकडे गल्लोगल्ली रोलर आणि इनलाइन, चाकांना गार्डची भानगडच नाही, त्यामुळे हा धागा कुतूहलाने वाचत होतो. आता मुलगा शॉर्ट ट्रॅक आइसच्या (बर्फावरच्या वेगाच्या शर्यतींच्या) कॅम्पला जाईल असं दिसतंय, देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर (२०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली ती). पुढे लेहची खेलो इंडिया जमली तर आनंदच. त्याला गार्ड लागेल का, आणि इथून काय घेऊन जावं? इथल्या दुकानात विचारलं तर त्यांनी मला गुडघ्याचे पॅड दाखवले.

धारवाला
हो, लागेलच. शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड लांब असतं, टो पिक नाही, पन्हळ पण नाही, तळ सपाट घासलेला आणि दोन्ही कडा काटकोनात. त्याचे गार्ड वेगळे, लांब आणि सरळ. फिगरचे घेऊ नका. ब्लेडची लांबी मोजून मागवा, आणि गार्डवर पर्मनंट मार्करने नाव घाला, कॅम्पमध्ये सगळ्यांचे काळेच असतात. लेहला रिंक उघड्यावर, आजूबाजूला धूळ आणि दगड, तिथे तर बर्फाच्या कडेपर्यंत गार्ड काढूच नका. सोबत एक सुती फडकं, त्याची सवय आजच लावा.

पुणेरी_चाकं
धन्यवाद! फडकं आजच बॅगेत टाकलं.

मधलीसुट्टी
जरा अवांतर. रॉकर्झ नावाचे गार्ड बघितले, तळ बाकदार आहे, चालताना पाऊल नीट वळतं म्हणे. कुणी वापरलेत?

चिंचोके
थोरलीकडे आहेत. स्केटचा घोटा कडक असतो, त्यामुळे सपाट गार्डवर मुलं बदकासारखी... जाऊ दे, अवघडत चालतात. बाकदार तळाने चाल खरंच सोपी होते. लांब लॉबी असेल तर घ्या. गार्डॉगचे पण आहेत, रंग सुंदर, मजबूत, स्प्रिंग नसल्याने कापावे लागतात. धाकटीला अजून स्प्रिंगवालेच.

आणि हो, गार्ड आतून धुता का कुणी? त्या चरीत वाळू साठते आणि तीच रोज कडेला घासते. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, अधूनमधून. जे टाळायला गार्ड घातला तेच आत बसलेलं असतं.

ओलीमाती
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज जाऊन स्प्रिंगवाले कडक गार्ड घेतले, जांभळे, तिनेच निवडले. दुकानात ब्लेडवर लावून, झटकून बघितले. मॅटवर तसंच चालण्याबद्दलचं माझं मत बदललंय, तिसरीघंटा माफ करा :) सोकर आजींच्या कृतीने शिवणार. आता एक नवीन प्रश्न, जूनमध्ये दोन महिने मुंबईला जातोय, तिथे स्केटिंग नाही, पण सासूबाईंना आणि नातेवाइकांना दाखवायला म्हणून लेकीला स्केट्स न्यायचेच आहेत, रडून गोंधळ घातलाय. पावसाळ्यात ब्लेडचं काय होईल? आणि विमानात?

उणे_वीस
अमेरिकेत टीएसए (विमानतळावरची सुरक्षा तपासणी करणारी सरकारी संस्था) आइस स्केट्स केबिन बॅगेत पण नेऊ देते. पण परतीचा प्रवास भारतातून आहे, त्यामुळे सरळ चेक-इनमध्ये टाका. प्रवासापुरते कडक गार्ड लावा, ब्लेड खडखडीत कोरडं असेल तर एका दिवसाने काही होत नाही, आणि बॅगेवर आपटाआपटी होतेच. उतरल्यावर लगेच काढायचे.

रंगीतदोरा
मुंबईचा जुलै म्हणजे कपाटातल्या सुयासुद्धा गंजतात गं. शिलाई मशीनचं तेल घे, दोन थेंब फडक्यावर, ब्लेडवरून सगळीकडे हलका हात फिरव. मग कोरडा सोकर. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक, औषधाच्या बाटल्यांत येतात त्या जमवून ठेव. बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस आणि भिंतीला लागून असलेल्या कपाटात पण नको, ओल येते. आठवड्यातून एकदा काढून बघ.

धारवाला
आजींना शंभर पैकी शंभर. तेलाचं पातळ बोट फिरलं की पुरे. फक्त परत आल्यावर बर्फावर जायच्या आधी ते पूर्ण पुसून काढा. तरीही कुठे वरवरचा नारिंगी डाग दिसला तर सँडपेपर घेऊन बसू नका, कड गोल होते. दुकानात दाखवा, नाहीतरी दोन महिन्यांनी धार लावायचीच असेल.